रात्रीची ओली गादी: उपाय करण्याआधी बिघाड कुठे आहे ते शोधा

पहाटे तीनला ओली चादर ओढून काढताना माणसाला शहाणपणाचे विचार सुचत नाहीत. मलाही सुचत नव्हते. मुलगा आठ वर्षांचा, आठवड्यातल्या सातपैकी सहा रात्री ओल्या, आणि ज्याने जे सुचवलं ते आम्ही दोन वर्षांत करून झालं होतं. संध्याकाळी सहानंतर पाणी बंद. मध्यरात्री उचलून बाथरूममध्ये. कोरड्या रात्रीसाठी कॅलेंडरवर स्टिकर. एकदा दोनदा आवाज चढवूनही झाला, त्याची आजही लाज वाटते. तीन महिने गोळ्याही दिल्या. गादी ओलीच.

मग एका डॉक्टरांनी काहीही लिहून न देता विचारलं, "रात्री शू किती होते?"

"भरपूर," मी म्हणालो.

"भरपूर म्हणजे किती मिली?"

मला उत्तर देता आलं नाही. दोन वर्षं मी चादरी धुतल्या होत्या, मोजलं काहीच नव्हतं. हे लिखाण त्याबद्दल आहे. गादी सगळ्यांची सारखीच ओली होते, पण मागचा बिघाड वेगवेगळा असतो. एका बिघाडाचा उपाय दुसऱ्याला लावला की तो उपाय "फालतू" ठरतो, आणि शेवटी पोरगं "मुद्दाम करतं" असं ठरतं.

बिघाड तीनच जागी असू शकतो

मूत्रपिंडं लघवी तयार करतात, मूत्राशय ती साठवतं, भरत आलं की मेंदूला कळवतं आणि आपण उठतो. रात्री या साखळीत काही बदल व्हावे लागतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन नावाचं हार्मोन रात्री जास्त सुटतं. ते मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला लावतं, त्यामुळे लघवी कमी आणि घट्ट होते. सकाळची पहिली लघवी गडद पिवळी असते ती यामुळेच. मूत्राशयाचा स्नायू झोपेत सैल राहतो आणि दिवसापेक्षा जास्त साठवून घेतो. एवढं करूनही ते भरलंच, तर जाग येते.

म्हणजे गादी ओली व्हायला एक तर नळ मोठा सुटलेला हवा, नाहीतर भांडं लहान पडत असायला हवं. तिसरी गोष्ट, जाग न येणं, ही प्रत्येक ओल्या रात्री असतेच. जाग आली असती तर माणूस उठून गेला असता. म्हणून "याची झोपच फार गाढ आहे" हे निदान पूर्ण होत नाही. गाढ झोपणारी कितीतरी मुलं कोरडी उठतात, कारण त्यांचं मूत्राशय सकाळपर्यंत भरतच नाही. गंमत म्हणजे रोज गादी ओली करणाऱ्या काही मुलांची झोप तपासली तेव्हा ती गाढ नव्हती, तुकड्यातुकड्यांची होती. मूत्राशय रात्रभर दार ठोठावत राहतं आणि मेंदू त्या आवाजाला सरावतो. कधी निरोप अर्धाच पोचतो. स्वप्नात बाथरूम सापडतं, दार उघडतं, सगळं व्यवस्थित पार पडतं, आणि मग पाठीखाली गरम लागतं. मोठेपणी ज्यांना हा त्रास आहे त्यांना हे स्वप्न सांगावं लागत नाही.

यात इच्छेचा कुठेही संबंध नाही. झोपलेल्या माणसाला शिक्षा देऊन सुधारता येत नाही, बक्षीस देऊनही नाही. आमच्या स्टिकरच्या तक्त्याने एवढंच केलं की ज्या गोष्टीवर मुलाचा ताबा नाही तिचा निकाल रोज सकाळी भिंतीवर लागायला लागला. बक्षीस द्यायचंच असेल तर ते त्याच्या हातात असलेल्या गोष्टीसाठी द्या: झोपण्याआधी आठवणीने शूला जाणं, सकाळी चादर काढायला मदत करणं.

वय, आणि घरातलं जुनं गुपित

पाच वर्षांच्या आतल्या मुलाने गादी ओली केली तर त्याला आजार म्हणत नाहीत. पाचव्या वर्षी साधारण १५ टक्के मुलं रात्री ओली होतात. पुढे दरवर्षी त्यांच्यातली जवळपास १५ टक्के मुलं आपोआप कोरडी होत जातात. मुलग्यांमध्ये हे प्रमाण मुलींच्या सुमारे दुप्पट. मोठं झाल्यावरही शंभरात एखादा माणूस उरतोच. "वयाबरोबर जाईल" हे बहुतेकांसाठी खरं आहे. पण ज्याची रोज ओली होते त्याचं आपोआप थांबण्याची शक्यता, महिन्यातून दोनदा होणाऱ्यापेक्षा बरीच कमी असते. सात-आठ वर्षांचं मूल रोज ओलं होत असेल आणि त्याला त्याचा त्रास होत असेल, तर नुसती वाट पाहण्यात अर्थ नाही.

एके दिवशी मी रबरी चादर वाळत घालत होतो. आई शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तूही नऊ वर्षांचा होईपर्यंत असाच होतास." इतकी वर्षं एक शब्द नाही! आई किंवा वडील यांच्यापैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला होण्याची शक्यता ४४ टक्क्यांच्या आसपास असते, दोघांनाही असेल तर ७७ टक्क्यांच्या. १९९५ मध्ये डॅनिश कुटुंबांच्या अभ्यासातून १३ व्या गुणसूत्रावरची एक जागा याच्याशी जोडली गेली, नंतर आणखी काही जागा सापडल्या. मी हे मुलाला सांगितलं तेव्हा त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुझी पण चादर आजी बदलायची?" त्या दिवसापासून तो ओली पँट कपाटामागे लपवेनासा झाला.

पहिला प्रश्न: कधी कोरडं होतं का?

मोजमापाच्या आधी हे विचारा. जन्मापासून सलग सहा महिने कधीच कोरडे गेले नाहीत, तर ती जुनी, उशिरा पिकणाऱ्या शरीराची गोष्ट असण्याची शक्यता जास्त. पण सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ व्यवस्थित कोरडं राहून अचानक पुन्हा सुरू झालं, तर काहीतरी नवीन घडलंय. ते शोधायलाच हवं, मग वय सहा असो की साठ.

त्यातलं एक कारण असं आहे की ज्यात उद्यापर्यंतही थांबू नये. मूल घटाघट पाणी पितंय, सारखं शूला जातंय, वजन उतरतंय, दमल्यासारखं दिसतंय आणि गादी पुन्हा ओली व्हायला लागलीय, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्या. लहान मुलांच्या मधुमेहाची पहिली खूण अनेकदा ओली चादरच असते. तिच्याकडे काही दिवस दुर्लक्ष झालं तर उलट्या, धाप आणि बेशुद्धीपर्यंत मजल जाऊ शकते.

बाकीच्या खुणा डॉक्टरांना आवर्जून सांगायच्या. लघवीला जळजळ, ताप, किंवा लघवीत रक्त. दिवसाही कपडे ओले होणं. मुलीच्या बाबतीत चोवीस तास थेंब थेंब गळत राहणं, कारण कधी कधी मूत्रपिंडाकडून येणारी नळी जन्मतःच चुकीच्या जागी उघडलेली असते. मुलग्याची धार बारीक असणं किंवा जोर लावावा लागणं. कमरेच्या खाली, मणक्याच्या शेवटी केसांचा पुंजका, खळगा किंवा गाठ. चालण्यात बदल. रोजचं मोठ्याने घोरणं. सकाळी जीभ चावलेली आणि अंग ठेचल्यासारखं दुखणारं, म्हणजे रात्री फिट येऊन गेली असण्याची शंका. यांपैकी काही असेल तर खालचं मोजमाप करत बसू नका.

घरात नवं बाळ, शाळा बदलणं, आईवडिलांची ताटातूट यांनीही कोरडं मूल पुन्हा ओलं होऊ शकतं. क्वचित कुणी मुलाला त्रास देत असतं आणि ते बोलू शकत नसतं. विचारा, पण चादर हातात धरून नाही. भलत्या वेळी, दुसरंच काहीतरी करताना विचारा.

मोजायचं कसं

लागतं काय, तर मापाच्या रेघा असलेला एक मग, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, रात्रीचे डायपर किंवा पॅड, आणि एक वही.

सुट्टीचे दोन दिवस निवडा. त्या दोन दिवसांत दिवसाची प्रत्येक लघवी मगात करायची आणि आकडा वेळेसह लिहायचा. मुलांना यात फार मजा येते. आमचा तर पाहुण्यांना बोलावून आकडे सांगायला लागला होता. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी सोडून बाकीच्यांतला सर्वांत मोठा आकडा शोधा. तेवढं त्याचं मूत्राशय दिवसा साठवतं. वयाप्रमाणे ते किती असायला हवं याचं सोपं सूत्र आहे: वयात एक मिळवा आणि तीसने गुणा. आठ वर्षांच्या मुलासाठी ९ गुणिले ३०, म्हणजे २७० मिली. हे सूत्र साधारण बारा वर्षांपर्यंतच वापरायचं.

मग सात रात्री. झोपताना कोरडा डायपर काट्यावर ठेवून वजन लिहा. सकाळी तोच डायपर पुन्हा ठेवा. वजनातला फरक ग्रॅममध्ये, म्हणजे जवळपास तेवढेच मिली. त्यात उठल्यावरची पहिली लघवी मिळवा. ही त्या रात्रीची एकूण लघवी. आम्ही काट्यावर आधी प्लास्टिकची पिशवी अंथरायचो आणि तिचं वजन शून्य करून घ्यायचो. पहिल्या सकाळी मी पिशवी विसरलो होतो. त्याबद्दल घरात मला अजूनही ऐकावं लागतं.

आता दोन्ही आकडे समोर ठेवा. रात्रीची एकूण लघवी त्या सूत्रातल्या आकड्याच्या १३० टक्क्यांपेक्षा जास्त येत असेल (आठ वर्षांसाठी सुमारे ३५० मिलीच्या वर), तर नळ मोठा सुटलाय. दिवसाचा सर्वांत मोठा आकडा सूत्राच्या ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल (आठ वर्षांसाठी साधारण १७५ च्या खाली), तर भांडं लहान पडतंय. दोन्ही असू शकतं. दोन्ही नसेल तर मुख्य अडचण जाग न येण्याची.

आमच्या वहीत काय निघालं? दिवसाचा सर्वांत मोठा आकडा १२०. रात्रीची बेरीज २४० ते २७०. म्हणजे नळ ठीक होता, भांडं निम्म्याहून लहान. आणि तीन महिने आम्ही त्याला नळ बारीक करायची गोळी दिली होती. गोळी वाईट नव्हती, आमच्या बिघाडासाठी ती नव्हती.

भांडं लहान का पडतं: पोट

यावर जरा जास्त लिहितो, कारण हेच सर्वांत जास्त सुटतं.

मलाशय आणि मूत्राशय शेजारी शेजारी असतात, एकाच अरुंद जागेत. मलाशयात घट्ट मळ साठून राहिला की ते फुगतं, मूत्राशयाला दाबतं आणि त्याला पुरतं पसरू देत नाही. शिवाय दोन्हींच्या नसा एकाच भागातून येतात, त्यामुळे मूत्राशय अवेळी आकुंचन पावायला लागतं. दिवसा ते घाईघाईने बाथरूमकडे पळवतं, रात्री गादीवर सोडतं.

डॉक्टरांनी विचारलं, "पोट साफ होतं?" मी म्हणालो, "रोज होतं." हे उत्तर निम्मे आईबाप देतात आणि त्याचा काही उपयोग नसतो. रोज थोडं बाहेर येऊनही आत बरंच राहू शकतं. खरे प्रश्न वेगळे आहेत. खडे खडे होतात का? कमोड तुंबेल एवढं जाड होतं का? दुखतं म्हणून तो टाळतो का? चड्डीला डाग लागतात का? डाग म्हणजे नीट पुसलं नाही असं आपण समजतो. अनेकदा साठलेल्या घट्ट मळाच्या कडेने पातळ शी झिरपत असते, आणि मुलाला ते कळतही नाही. आमच्याकडे चारपैकी तीन प्रश्नांची उत्तरं "हो" निघाली. जाडीबद्दल तर आम्ही घरात विनोद करायचो.

उपाय साधा आहे, पण तो आठवड्याचा नाही, महिन्यांचा आहे. डॉक्टरांनी पाण्यात मिसळायची पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर दिली. आधी साठलेलं सगळं बाहेर काढायला मोठा डोस, मग रोज मऊ शी होईल एवढा लहान डोस. जेवणानंतर पाच-दहा मिनिटं कमोडवर बसायचं, पायाखाली स्टूल घेऊन. पाय लोंबकळत असले की खालचे स्नायू सैल सुटतच नाहीत. दोन आठवड्यांत बरं वाटलं म्हणून पावडर बंद करायची नाही. ताणलेलं मलाशय मूळ आकारात यायला वेळ लागतो. आम्ही एकदा लवकर थांबवली आणि पुन्हा पहिल्या पानावर आलो.

दोन महिन्यांनी तो मापाचा मग पुन्हा बाहेर काढला. १२० चे २१० झाले होते. ओल्या रात्री सहावरून दोन-तीनवर. मूत्राशयासाठी वेगळं औषध घ्यावंच लागलं नाही. तशी औषधं असतात, पण त्यातली काही स्वतःच बद्धकोष्ठ करतात. त्यामुळे पोट मोकळं न करता ती सुरू केली तर एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखं होतं.

दिवसभर दर दोन-तीन तासांनी शूला जायचं, धरून ठेवायचं नाही, हाही याच उपायाचा भाग. शाळेतली बाथरूम घाण असते म्हणून सकाळपासून रोखून धरणारी मुलं थोडी नाहीत.

पाणी तोडू नका, सरकवा

संध्याकाळी पाणी बंद करणं ही सगळ्यांची पहिली युक्ती. पण शाळेत दिवसभर दोन घोट पिणारं मूल संध्याकाळी घरी येऊन तहानेने बाटली रिकामी करणारच. सोपी वाटणी अशी: दिवसाच्या पाण्यातलं साधारण ४० टक्के सकाळी, ४० टक्के दुपारी पाचपर्यंत, २० टक्के त्यानंतर. एकूण पाणी कमी होऊ द्यायचं नाही. पाणी कमी प्यायलं की शीसुद्धा कडक होते, म्हणजे पुन्हा वरचा बिघाड. संध्याकाळी चहा, कॉफी, कोला नको. रात्रीचं जेवण फार खारट नको, कारण ते मीठ बाहेर टाकायला मूत्रपिंड पाणीही सोबत सोडतं.

मध्यरात्री उचलून नेण्याबद्दल: मूल झोपेतच शू करतं, सकाळी त्याला काही आठवत नाही, आणि गादी वाचते. तेवढाच फायदा. भरलेल्या मूत्राशयाने जागं व्हायला ते यातून शिकत नाही. प्रवासात किंवा कुणाकडे मुक्कामाला असताना जरूर करा.

नळ मोठा असेल तर गोळी

वहीने हे दाखवलं तर डेस्मोप्रेसिन चांगलं चालतं. ते व्हॅसोप्रेसिनचीच कृत्रिम नक्कल आहे आणि त्या रात्रीपुरतं काम करतं. सहल, शिबिर अशा वेळीही उपयोगी. पण गोळी थांबवली की बऱ्याच जणांचा त्रास परत येतो.

एक नियम मात्र तोडायचा नाही. गोळीच्या आधी एक तास आणि नंतर आठ तास पाणी जवळजवळ बंद, लागलं तर घोटभर. मूत्रपिंड पाणी राखून ठेवत असताना वरून पाणी ओतलं तर रक्तातलं सोडियम घसरतं. डोकेदुखी, उलटी, गोंधळल्यासारखं होणं आणि शेवटी झटके येऊ शकतात. ताप, उलट्या, जुलाब असतील त्या दिवशी गोळी द्यायची नाही. याच धोक्यामुळे २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने नाकात मारायचा डेस्मोप्रेसिनचा स्प्रे मुलांच्या या त्रासासाठी वापरू नये असं बजावलं. घरात कुणाचा जुना स्प्रे पडला असेल तर तो "ट्राय" करू नका.

इमिप्रामिन हे जुनं औषधही कधी कधी दिलं जातं. जास्त डोस गेला तर ते हृदयाची लय बिघडवतं, जिवावर बेतू शकतं. ते घरात असेल तर कुलपात.

जाग येत नसेल तर अलार्म

पँटमध्ये किंवा चादरीखाली सेन्सर, दोन थेंब पडले की आवाज. ही कल्पना जुनी आहे. १९३८ मध्ये मोरर या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने ती उपचार म्हणून मांडली आणि आजही टिकणाऱ्या गुणाच्या बाबतीत तिला तोड नाही. नीट वापरला तर सुमारे दोनतृतीयांश मुलं कोरडी होतात, आणि त्यातली बरीच बंद केल्यावरही कोरडी राहतात.

"नीट" या शब्दात सगळं आलं. पहिल्या रात्री अलार्म वाजला तेव्हा मी उठलो, बायको उठली, शेजारच्या खोलीतली आई काठी टेकत दारात आली. ज्याच्यासाठी वाजत होता तो तोंड उघडं टाकून झोपलेला. बरेच जण इथेच अलार्म परत करतात. हे अपेक्षितच असतं. पहिले काही आठवडे उठायचं काम मोठ्यांचं. मुलाला पुरतं जागं करायचं, अलार्म त्यालाच बंद करायला लावायचा, चालत बाथरूमला न्यायचं, उरलेली शू करवायची. तो जागा आहे का हे पाहायला आम्ही त्याला त्या रात्रीचा ठरलेला शब्द विचारायचो. झोपताना एक शब्द ठरवायचा, "हत्ती" किंवा "पेन्सिल". पहिल्या आठवड्यात उत्तरं अगाध होती.

तिसऱ्या आठवड्यात ओला डाग लहान व्हायला लागला. हीच खरी प्रगतीची खूण, कोरड्या रात्री नंतर येतात. सलग १४ कोरड्या रात्री मिळेपर्यंत वापरायचा. त्याला दोन-तीन महिने लागू शकतात. सहा आठवड्यांत डागही लहान झाला नाही, जागही येत नाही, तर थांबा आणि वही पुन्हा उघडा. घरातले सगळे झोपेविना चिडचिडे झाले असतील, तरी थांबा. चिडलेल्या घरात अलार्म म्हणजे रात्रीची शिक्षाच.

मोठ्यांची गोष्ट वेगळी आहे

लहानपणापासून चालत आलं असेल तर वरचं सगळं लागू पडतं. मोजणी, पोट, अलार्म, गोळी, सगळं. फरक इतकाच की मोठी माणसं बोलत नाहीत. हॉस्टेल नाकारतात, मुक्काम टाळतात, लग्न पुढे ढकलतात, पण डॉक्टरांकडे जात नाहीत.

मोठेपणी नव्याने सुरू झालं असेल तर कारण शोधा.

माझ्या नात्यातल्या, साठी ओलांडलेल्या एका काकांना रात्री गादीत व्हायला लागलं. घरच्यांनी "वय झालं" म्हणून डायपर आणले. काकाही म्हणायचे, "लघवी होतेय ना, मग अडलंय कुठे?" सोनोग्राफीत दिसलं, की बाथरूमला जाऊन आल्यावरही मूत्राशयात जवळपास लिटरभर लघवी तशीच होती. प्रोस्टेटने वाट अडवलेली, टाकी काठोकाठ, आणि झोपेत स्नायू सैल पडला की वरचं सांडायचं. मूत्रपिंडांवरही दाब येऊ लागला होता. पन्नाशीपुढच्या पुरुषाची गादी नव्याने ओली व्हायला लागली तर ही तपासणी आधी करा. दुखत नाही म्हणून अडलेलं नाही, असा अर्थ काढू नका.

दुसरा मोठा गट घोरणाऱ्यांचा. झोपेत श्वासाची वाट बंद पडते, छाती बंद दारावर ओढत राहते, हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. हृदयाला वाटतं रक्तात पाणी फार झालंय. मग ते एक हार्मोन सोडतं आणि मूत्रपिंडं मीठपाणी बाहेर काढायला लागतात. इथे मूत्राशयाची औषधं देऊन फारसं काही होत नाही. श्वासाचा उपचार झाला की लघवीही आटोक्यात येते. टॉन्सिल किंवा ॲडिनॉइड वाढलेल्या मुलांतही हेच घडतं.

संध्याकाळी पाय सुजत असतील तर दिवसभर पायात उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं आणि रात्री लघवी होऊन निघतं. अशांनी दुपारीच पाय उंच करून पडावं, आणि हृदय व मूत्रपिंड तपासून घ्यावं. लघवीची गोळी रात्री घेत असाल तर वेळ बदलता येईल का ते विचारा. झोपेच्या गोळ्या, क्लोझापिनसारखी काही मानसिक आजारांची औषधं, लिथियम, मधुमेहाची साखर लघवीवाटे काढणारी नवी औषधं, या सगळ्यांकडे संशयाने पाहायला हरकत नाही. पण स्वतःच्या मनाने बंद करू नका. दारू तर दोन्हीकडून मारते: व्हॅसोप्रेसिन दाबते आणि जागही येऊ देत नाही. पार्किन्सन, पक्षाघात, मणक्याचे आजार यांत मूत्राशयाचा ताबाच ढिला पडतो. कंबरदुखीसोबत मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला आणि लघवी-शीवरचा ताबा गेला, तर रात्र असली तरी तातडीच्या विभागात जा. तिथे तास मोजले जातात.

दरम्यान गादीचं काय

एक युक्ती, जिने आमच्या रात्री वाचवल्या. वॉटरप्रूफ कव्हर, त्यावर चादर, त्यावर पुन्हा वॉटरप्रूफ कव्हर, त्यावर पुन्हा चादर. रात्री ओलं झालं की वरचे दोन थर ओढून बादलीत, खाली अंथरूण तयार. दोन मिनिटांत सगळे परत झोपलेले. ओली चादर आधी गार पाण्यातून काढा, मग साबण. आणि सकाळी मुलाचं अंग साबणपाण्याने धुऊन शाळेत पाठवा. वर्गातल्या मुलांना वास आधी कळतो.

रात्री कोरड्या झाल्यानंतर काही महिन्यांनी पुन्हा एखादा ओला आठवडा येऊ शकतो. तेव्हा सगळं वाया गेलं असं समजू नका. अलार्म दुसऱ्यांदा लावला तर बहुधा पहिल्यापेक्षा लवकर काम करतो. आमच्याकडे पाच महिन्यांनी सलग तीन रात्री ओल्या झाल्या. मी कपाटातून काटा काढत होतो, तेवढ्यात मुलगाच येऊन म्हणाला, "बाबा, चार दिवस शी कडक होतेय. पावडर कुठेय?"